स्लरी पंप : वेग, झीज आणि अध्यापन

पंपाचा पाठ शिकविताना आपण बहुधा स्वच्छ पाणी गृहीत धरतो. तथापि आपले अनेक विद्यार्थी ज्या उद्योगांत जातात तेथे पाण्यासोबत वाळू, राख वा खनिजही वाहून न्यावे लागते. बेळगावच्या अॅल्युमिना कारखान्यात बॉक्साइटवर कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया केल्यावर तांबडा गाळ उरतो. गोव्यात लोहखनिज धुताना बारीक गाळ निघतो. द्रव व घन कणांच्या अशा मिश्रणास स्लरी म्हणतात. तिच्यासाठी पंप निवडण्याचे निकष वेगळे आहेत.

पहिला फरक शक्तीचा. 100 किलो स्लरीत 30 किलो खनिज असून त्याचे विशिष्ट गुरुत्व 4 आहे असे समजू. 70 किलो पाणी 70 लिटर, तर खनिज 7.5 लिटर जागा व्यापते. म्हणजे स्लरीचे विशिष्ट गुरुत्व सुमारे 1.29 होते. तेवढाच प्रवाह तेवढ्याच उंचीवर नेण्यास किमान 29 टक्के अधिक शक्ती लागते. शिवाय कणांमुळे पंपाची कार्यक्षमता घटते, ती वेगळीच.

दुसरा व अधिक महत्त्वाचा फरक झिजेचा. कणांच्या आघाताने होणारी झीज साधारणपणे वेगाच्या 2.5 ते 3 या घाताच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाल्यास झीज सुमारे 6 ते 8 पट होते. म्हणून स्वच्छ पाण्यासाठी लहान व वेगवान पंप परवडतो, तर स्लरीसाठी मोठ्या व्यासाचा, संथ फिरणारा इम्पेलर घेतात. मात्र नळातील प्रवाह फार मंद झाला तर कण तळाशी बसून नळ तुंबतो. या दोन मर्यादांचा मेळ घालणे हेच निवडीचे खरे कौशल्य होय.

कण मोठे व धारदार असल्यास सुमारे 27 टक्के क्रोमियमचे कठीण पांढरे बीड वापरतात. बारीक, गोलसर कणांसाठी नैसर्गिक रबराचे अस्तर अधिक टिकते. परंतु तेल व अति उष्णता त्यास मानवत नाहीत. ग्लँडमध्ये कण शिरून शाफ्टची स्लीव्ह झिजू नये म्हणून तेथे आतील दाबापेक्षा अधिक दाबाने स्वच्छ पाणी सोडतात.

एक धोका मात्र प्रत्येक वर्गात आवर्जून सांगावा. शोषण व निर्गम हे दोन्ही मार्ग बंद किंवा तुंबलेले असताना पंप चालू राहिला, तर मोटरची शक्ती आतील द्रव तापविण्यात खर्च होते. वाफ कोंडून केसिंग फुटू शकते आणि जवळच्या कामगाराचा प्राण जाऊ शकतो. तुंबलेला पंप फिरवून मोकळा करण्याचा प्रयत्न करू नये. प्रथम वीजपुरवठा तोडून कुलूप लावावे, पंप थंड होऊ द्यावा, आतील दाब उतरल्याची खात्री करावी आणि मगच तो उघडावा.