हॉटेलमधला ॲश-ट्रे आणि वलिम्यातलं तबक

बारावीचा निकाल लागला की आमच्याकडे पालकांची ये-जा सुरू होते. गेल्या काही वर्षांत त्यात एक प्रश्न हमखास असतो: "सर, पोराला हॉटेल मॅनेजमेंटला टाकायचं म्हणतोय, पण तिथे काय काय वाढावं लागतं म्हणे!" यंदा एका वडिलांनी पहिल्या वर्षाला असलेल्या मुलाची वहीच आणून समोर ठेवली. धडा तंबाखूचा. सिगारचे भाग, सिगारचे रंग, सिगरेट पाहुण्यासमोर कशी ठेवायची, सगळं नीट आकृत्या काढून लिहिलेलं. "आम्ही फी भरून पोराला हे शिकवतोय का?" असं त्यांचं म्हणणं.

प्रश्न रास्त आहे, आणि तो एका घराचा नाही. अजिंठा-वेरूळमुळे आपल्या शहरात मोठी हॉटेलं आली. रौझा बागेत डॉ. रफिक झकेरिया यांच्या मौलाना आझाद एज्युकेशनल ट्रस्टने हॉटेल मॅनेजमेंटची संस्था उभी केली, तीही ताज समूहाला सोबत घेऊन. त्यामुळे छत्रपती संभाजीनगरच्या (आपल्या औरंगाबादच्या) मुस्लिम घरांना हे क्षेत्र परकं राहिलं नाही. इथून शिकून मुलं मुंबई-पुण्याला जातात, दुबई-दोहाला जातात. म्हणून आम्ही ती वही दोन दिवस ठेवून घेतली आणि वाचली.

धड्यात काय आहे?

हा धडा देशभरातल्या हॉटेल मॅनेजमेंटच्या अभ्यासक्रमात असतो. सुरुवात पानापासून. तंबाखूचं बी अगदी बारीक, त्यामुळे आधी वाफ्यात रोपं करायची, मग शेतात लावायची. शेंडा खुडला की ताकद पानांत उतरते. तोडलेलं पान वाळवायचं कसं, त्यावर पुढचं सगळं ठरतं. सिगरेटचा व्हर्जिनिया तंबाखू बंद कोठीत गरम हवेच्या नळ्यांनी वाळवतात. आंध्र आणि कर्नाटकात तो होतो, आणि त्याचा कारभार पाहणारं तंबाखू मंडळ गुंटूरला आहे. सिगारचं पान सावलीत, वाऱ्यावर हळूहळू वाळतं, मग ढीग लावून आंबवतात. विडीचा तंबाखू उन्हात वाळतो. तो आपल्याला जवळचा, कारण निपाणीचा मराठी मुलूख त्याच्यावरच उभा राहिला. 1981 साली भावासाठी शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तिथले शेतकरी रस्त्यावर उतरले, आणि एप्रिलमध्ये पोलिसांच्या गोळीबारात शेतकरी मारले गेले. त्याच भागात, आणि सोलापूर, सिन्नर, संगमनेरकडेही, घरात बसून विड्या वळणाऱ्या बाया आहेत. त्यांत आपल्याही माय-बहिणी आहेत. मांडीवर सूप, सुपात तेंदूपत्ता आणि जर्दा, शेजारी लेकरू. तंबाखू न ओढताही त्याची भुकटी त्यांच्या श्वासात जाते. वहीत हे नव्हतं. पाठ्यपुस्तकातला तंबाखू कारखान्यातून थेट चांदीच्या ट्रेमध्ये येतो.

पुढचा भाग वाढण्याचा. सिगारला तीन थर: आतलं भरण, त्याला बांधणारं पान आणि वरचं गुळगुळीत वेष्टन. ठेवायची देवदारासारख्या सुवासिक लाकडाच्या पेटीत, आर्द्रता साधारण 65 ते 70 टक्के, म्हणजे ती सुकून तडकत नाही. पेटी पाहुण्यासमोर उघडायची, त्याने निवडल्यावर टोक कापायचं, पेटवायला लांब काडी वापरायची, पेट्रोलचा लायटर नको कारण वास लागतो. सिगरेटचं पाकीट उघडून दोन-तीन सिगरेटी थोड्या वर काढायच्या, छोट्या प्लेटमध्ये काडेपेटीसह ठेवायच्या. भरलेला ॲश-ट्रे तसाच उचलायचा नाही. त्यावर स्वच्छ ॲश-ट्रे उपडा झाकायचा, दोन्ही एकत्र उचलायचे आणि मग दुसरा स्वच्छ टेबलावर ठेवायचा, म्हणजे राख ताटात उडत नाही. खरं सांगायचं तर हा शेवटचा भाग आम्हाला आवडला. एवढी नजाकत आपल्या दस्तरखानावर पाणी देताना असती तर!

कायदा काय म्हणतो?

आता वडिलांच्या प्रश्नाकडे. पोराला हे सगळं नोकरीत करावं लागेल का? भारतात राहिला तर बहुतेक नाही, आणि हे बऱ्याच पालकांना ठाऊकच नसतं.

2003 च्या तंबाखू नियंत्रण कायद्याखाली (लोक त्याला 'कोटपा' म्हणतात) 2 ऑक्टोबर 2008 पासून सार्वजनिक जागी धूम्रपानाला बंदी आहे. दंड 200 रुपयांपर्यंत. जिथे बंदी आहे तिथे ॲश-ट्रे, काडेपेटी, लायटर ठेवायलाही मनाई आहे. म्हणजे वहीतला तो झाकलेला ॲश-ट्रे साध्या रेस्टॉरंटच्या टेबलावर असूच शकत नाही. 30 किंवा जास्त खोल्यांचं हॉटेल आणि 30 किंवा जास्त आसनांचं रेस्टॉरंट यांना वेगळी धूम्रपानाची जागा ठेवता येते, पण धूर बाकीच्या भागात शिरता कामा नये. आणि मे 2017 मध्ये नियमांत सुधारणा झाली: या धूम्रपानाच्या जागेत कसलीही सेवा द्यायची नाही. चहा नाही, खाणं नाही, ट्रे घेऊन उभा राहणारा वेटरही नाही. ज्याला ओढायची त्याने आत जावं, ओढावी, बाहेर यावं.

हुक्क्याचं तर आणखी कडक. डिसेंबर 2017 मध्ये मुंबईच्या कमला मिल्समध्ये आग लागून 14 जणांचा जीव गेला, तेव्हा हुक्क्याच्या निखाऱ्यांचा विषय ऐरणीवर आला. 2018 मध्ये महाराष्ट्राने कायदाच बदलून हुक्का पार्लर बंद केले. चालवणाऱ्याला एक ते तीन वर्षं कैद होऊ शकते. हुक्का मात्र आपल्या दख्खनचा जुना सोबती. अकबराच्या दरबारात तंबाखू आणि चिलीम नेली ती असद बेग याने, विजापूरहून. हकिमांनी तेव्हाच नाक मुरडलं होतं. पुढे 1617 मध्ये जहांगीरने तंबाखूवर बंदी घातली. बंदी टिकली नाही. बिदरच्या कारागिरांनी हुक्क्याची सुंदर भांडी घडवली आणि हुक्का मेहमाननवाजीचा भाग झाला, इतका की वाळीत टाकण्याला आपण आजही 'हुक्का-पाणी बंद' म्हणतो.

आखातात गेलेल्या मुलाची गोष्ट वेगळी. तिथल्या हॉटेलांत सिगार लाउंज आणि शिशा चालतो, तिथे हा धडा कामाला येतो. अशा मुलांना आम्ही सांगतो की मुलाखतीतच विचारा, स्वयंपाकघर, बेकरी, फ्रंट ऑफिस, हाउसकीपिंग असे विभाग मागून घ्या. शरीयतचा मसला आपल्या मुफ्ती साहेबांना विचारावा, तो आमचा प्रांत नाही. इतकंच माहीत आहे की पूर्वीचे काही उलमा तंबाखूला मुबाह म्हणत, काही मकरूह. आज जिवाला होणारा धोका सिद्ध झाल्यावर हराम म्हणणारेही पुष्कळ आहेत, आणि ते सूरह बकराच्या 195 व्या आयतीचा आधार देतात.

हे सगळं त्या वडिलांना सांगितलं. ते खुश झाले. जाताना मोठ्या मुलाच्या वलिम्याचं निमंत्रण देऊन गेले.

वलिम्याला आम्ही गेलो. फंक्शन हॉलच्या दाराशी तबक होतं. सौंफ, सुपारी, जर्द्याचं पान, आणि एका ग्लासात उभ्या ठेवलेल्या सिगरेटी. तबक सांभाळायला दहा-अकरा वर्षांचा भाचा.

बोलावं की नाही, असं झालं. खुशीच्या दिवशी मास्तरकी कशाला? पण जेवणानंतर ते स्वतःच भेटले तेव्हा बाजूला घेऊन सांगितलं. नियमांत रेस्टॉरंट या शब्दात बँक्वेट हॉलही येतो, म्हणजे पोराच्या हॉटेलला लागू असलेली बंदी या हॉललाही आहे. तक्रार येऊनही हॉलवाल्याने काही केलं नाही, तर जितके जण ओढत होते तितक्यांचा दंड त्याच्यावर बसू शकतो. आणि त्या भाच्याचं काय? 2015 च्या बाल न्याय कायद्याच्या कलम 77 प्रमाणे 18 वर्षांखालच्या मुलाला तंबाखू देणं हा सात वर्षांपर्यंत सक्तमजुरीचा गुन्हा आहे. "जा बेटा, चाचांसाठी एक पाकीट घेऊन ये" म्हणून आपण मुलांना पानटपरीवर पाठवतो, तेव्हा त्याला विकणारा टपरीवाला कोटपाखाली गुन्हेगार ठरतो. पाठवणारे आपण.

ते म्हणाले, "सर, सिगरेट तर दोघा-चौघांनीच घेतली. बाकी सगळे पानवाले." बरोबरच होतं त्यांचं, आणि खरी अडचण तिथेच आहे. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ 3.8 टक्के निघाले, तर चघळायचा किंवा मिश्रीसारखा बिनधुराचा तंबाखू वापरणारे 24.4 टक्के. आपल्याकडे तोंडाचा कर्करोग घराघरात ऐकू येतो, त्यामागे हा आकडा आहे. सिगरेट उचलताना माणूस इकडेतिकडे बघतो तरी. किमाम-जर्द्याचं पान मात्र आपण अदबीने, सलाम करून हातात देतो. बुजुर्गही घेतात, बायकांच्या बाजूलाही जातं.

पान बंद करा असं आम्ही म्हटलं नाही. गुलकंद, सौंफ, वेलची, खोबरं घातलेलं मीठं पान तबकात शोभतं, आणि पानवाल्याला ऑर्डर देतानाच "जर्दा नको" म्हटलं की काम होतं. ग्लासातल्या सिगरेटींबद्दल मात्र त्यांनी विचारलं, "पाहुणा मागितला तर?" धाकटा मुलगा, तोच वहीवाला, मागे उभा होता. तो म्हणाला, "अब्बा, बाहेर मैदान आहे, तिथे जाऊ द्या. आपण वाढायची नाही." आणि भाच्याच्या हातातून ग्लास घेऊन तो आत निघून गेला.

त्याची परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. सिगारवर पाच मार्कांचा प्रश्न येतो म्हणतात. पुस्तकात आहे तसं पूर्ण लिही, असं आम्ही त्याला सांगितलंय, आणि खाली दोन ओळींत 2017 चा नियमही लिही.