फेलिक्सने करायचं तरी काय?

मंडळी, सिअ‍ॅटलमध्ये राहून मरिनर्सवर जीव लावायचा म्हणजे डोक्याला ताप! २०१० चा सीझन आठवा. १६२ सामन्यांत अख्ख्या टीमचे मिळून ५१३ रन, म्हणजे सामन्याला जेमतेम तीन. अमेरिकन लीगमध्ये १९७३ पासून पिचरऐवजी बॅटिंगला वेगळा गडी येतो. तेव्हापासून पूर्ण सीझनमध्ये इतके कमी रन कुणीच काढले नव्हते. इचिरोने २१४ हिट्स मारले, पण होमप्लेटला पोचला ७४ वेळाच. बाकी वेळ बिचारा बेसवर ताटकळत, आणि पुढचे आउट! फेलिक्स हर्नांडेझने तर दर नऊ इनिंग्जला जेमतेम सव्वादोन रन दिले, साय यंग अवॉर्ड मिळवलं (ते न्याय्यच झालं), तरी खात्यावर १३ विजय, १२ पराभव. एकूण १०१ सामने हरलो. ऑगस्टमध्ये मॅनेजर डॉन वाकामात्सूला काढलं. अहो, बॅट काय तो धरत होता?