जुन्या वाचकांनी कार मासिकं घेणं का सोडलं? कारण फक्त मोबाईल नाही

लोणावळ्यातून ॲम्बी व्हॅलीकडे जाणारा रस्ता. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी, पावसाळी धुकं आणि वळणावर अर्धवट वाकलेली एखादी लाल गाडी. नव्वदच्या दशकाच्या शेवटी आणि त्यानंतरच्या काही वर्षांत ज्यांनी कार मासिकं वाचली, त्यांनी असा फोटो हमखास पाहिलाय. गाडी दर महिन्याला वेगळी असायची, पण मावळातल्या लोकांना रस्ता बरोबर ओळखू यायचा.

मासिकवाले सारखे लोणावळ्यालाच का यायचे, याचं कारण साधं आहे. देशातल्या बऱ्याच मोठ्या कार मासिकांची ऑफिसं मुंबईत किंवा पुण्यात. लोणावळा मुंबईपासून ८०-८५ किलोमीटर आणि पुण्यापासून साधारण ६५. पहाटे निघालं की उजाडताना घाटात पोहोचता येतं. चढ पाहिजे तर बोरघाट, सरळ रस्ता पाहिजे तर एक्सप्रेसवे, खड्डे पाहिजेत तर गावातले रस्ते आणि फोटोला मागे लोहगड, तुंग, तिकोना नाहीतर पवना धरण. गाडीची सगळी परीक्षा एका तालुक्यात होऊन जायची.

पण ज्यांनी हे अंक वर्षानुवर्षं माळ्यावर जपून ठेवले, त्यातल्याच अनेकांनी पुढे ते रद्दीत घातले. नवीन अंक घेणंही हळूहळू थांबवलं. कोणी विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं, "आता सगळं मोबाईलवर मिळतं की."

हे उत्तर खरं आहे, पण अर्धवट आहे. उरलेलं अर्धं समजून घ्यायचं तर आधी लोक मासिक कशासाठी घ्यायचे ते बघावं लागेल.

एका अंकात चार कामं

१९८३ च्या शेवटी मारुती ८०० आली, तोपर्यंत सामान्य माणसापुढे मुख्यतः दोनच गाड्या होत्या, अॅम्बेसेडर आणि प्रीमियर पद्मिनी. त्यात निवडायचं काय आणि वाचायचं काय? चित्र बदललं ते १९९१ नंतर. परदेशी कंपन्या आल्या. १९९८ या एकाच वर्षात ह्युंदाईची सँट्रो, देवूची मॅटिझ आणि पिंपरीत तयार झालेली टाटा इंडिका बाजारात उतरली. मध्यमवर्गीय घरात पहिल्यांदाच वाद सुरू झाला, यातली कुठली घ्यायची?

नेमक्या त्याच काळात मासिकं उभी राहिली. 'ओव्हरड्राइव्ह' १९९८ मध्ये सुरू झालं. १९९९ मध्ये 'ऑटोकार इंडिया' आलं. त्याचं मूळ ब्रिटिश 'ऑटोकार' १८९५ पासून निघतंय, म्हणजे ज्या काळात रस्त्यावर गाड्यांपेक्षा घोडेच जास्त होते. २००५ मध्ये 'टॉप गिअर'ची भारतीय आवृत्ती आली.

हा अंक वाचकासाठी चार कामं करायचा. नवी गाडी कधी येतेय ही बातमी द्यायचा. गाडी किती पळते, किती वेळात थांबते, ॲव्हरेज किती देते हे स्वतः मोजून सांगायचा. शोरूममध्ये न दिसणाऱ्या गाड्यांचे मोठे फोटो दाखवायचा. आणि शेवटी निवाडा द्यायचा, की ही घ्या, ती नको.

वाचक दुरावला तो ही चार कामं एकेक करून अंकाच्या हातातून निसटत गेली तसतसा.

बातमी सगळ्यात आधी गेली

तळेगाव-चाकण पट्ट्यात राहणाऱ्यांना काळ्या-पांढऱ्या नक्षीच्या आवरणात झाकलेली गाडी दिसली की आश्चर्य वाटत नाही. आसपास टाटा, महिंद्रा, मर्सिडीज, फोक्सवॅगन यांचे कारखाने आहेत, गाड्यांना प्रमाणपत्र देणारी एआरएआय ही संस्था पुण्यातच आहे. बाजारात न आलेल्या गाड्यांची चाचणी इथल्याच रस्त्यांवर चालते.

पूर्वी अशा गाडीचा चोरून काढलेला फोटो म्हणजे मासिकाचा हुकमाचा पत्ता. आता टोलनाक्यावर मागच्या गाडीतला मुलगा मोबाईल काढतो आणि गाडी नाका ओलांडायच्या आत फोटो सगळीकडे पोहोचलेला असतो.

लाँचचंही तसंच. कंपनी गाडी आधी चालवायला देते, पण काय वाटलं ते कुठल्या तारखेला आणि किती वाजता जाहीर करायचं हे ठरवून देते. याला 'एम्बार्गो' म्हणतात. ती वेळ झाली की एकाच मिनिटाला ढीगभर व्हिडिओ बाहेर पडतात. मासिकाला मात्र लिहायला, मांडणी करायला, छापायला आणि स्टॉलपर्यंत पोहोचवायला काही आठवडे लागतात. अंक हातात येईस्तोवर वाचकाने त्या गाडीचे दहा व्हिडिओ पाहिलेले असतात.

आकड्यांची मक्तेदारी संपली

कंपनी जाहिरातीत जे ॲव्हरेज सांगते, ते प्रयोगशाळेत गाडीची चाकं रोलरवर फिरवून, ठरलेल्या पद्धतीने मोजलेलं असतं. तिथे कामशेतचा चढ नसतो, चांदणी चौकातलं ट्रॅफिक नसतं, मागच्या सीटवर तीन माणसंही नसतात. मासिकं गाडीला जीपीएसवर चालणारं यंत्र लावून वेग आणि ब्रेक मोजायची, शहरात आणि हायवेवर वेगवेगळं ॲव्हरेज काढायची. वाचकाला ते आकडे कंपनीच्या आकड्यांपेक्षा खरे वाटायचे, आणि ते दुसरीकडे कुठे मिळायचेही नाहीत.

पण २०१४ मध्ये आकड्यांचा अर्थच बदलला. ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतातल्या पाच गाड्यांची अपघात चाचणी घेतली. मारुती अल्टो ८००, टाटा नॅनो, ह्युंदाई आय१०, फोर्ड फिगो आणि चाकणला बनणारी फोक्सवॅगन पोलो. त्यांची एअरबॅग नसलेली मॉडेल्स होती आणि पाचही गाड्यांना प्रौढांच्या सुरक्षेसाठी शून्य स्टार मिळाले. एअरबॅग लावलेल्या पोलोला मात्र चार स्टार मिळाले.

तोपर्यंत वाचक गाडी शंभरचा वेग किती सेकंदांत पकडते हे बघत होता. आता प्रश्न आला, की गाडी धडकली तर आतली माणसं वाचतील का? याचं उत्तर लोणावळ्याच्या घाटात गाडी पळवून मिळत नाही. त्यासाठी गाडी भिंतीसारख्या अडथळ्यावर आदळावी लागते. २०१८ मध्ये टाटा नेक्सॉनला पाच स्टार मिळाले आणि जाहिरातीत ॲव्हरेजच्या शेजारी स्टार दिसायला लागले. २०२३ मध्ये सरकारने भारत एनकॅप सुरू केलं. सगळ्यात महत्त्वाचा आकडा मासिकाच्या बाहेर तयार होऊ लागला.

मग विश्वासाचा प्रश्न आला

मासिकाचं गणित असं की अंकाची किंमत वाचक देतो, पण त्यावर खर्च भागत नाही. तो भागतो जाहिरातींवर. आणि कार मासिकात जाहिरात कोण देणार? कार कंपन्या, टायर कंपन्या, ऑइल कंपन्या. म्हणजे ज्याची परीक्षा घ्यायची, त्याच्याच पैशावर दुकान चालवायचं. वर चालवायला गाडी हवी तर तीही कंपनीकडूनच मागायची.

हा पेच जगभरातल्या सगळ्याच कार मासिकांपुढे पहिल्यापासून आहे. पण पानं भरपूर आणि जाहिरातदार भरपूर असताना एक कंपनी रुसली तरी चालून जायचं. जाहिराती इंटरनेटकडे वळल्यावर तेवढी मोकळीक राहिली नाही. अमेरिकेत मोटरट्रेंड ग्रुपने २०१९ च्या डिसेंबरमध्ये आपल्या २२ पैकी १९ मासिकांची छपाई बंद करत असल्याचं जाहीर केलं, यावरून दबाव किती होता ते कळतं.

जुन्या वाचकाला हा बदल भाषेतून जाणवतो. पूर्वी "या गाडीचं स्टिअरिंग वाईट आहे" असं वाक्य यायचं. मग "स्टिअरिंग आणखी चांगलं असू शकलं असतं" असं यायला लागतं. तुलनेत पाचही गाड्या चांगल्याच निघतात. बाराव्या महिन्यात पुरस्कार वाटले जातात आणि कुठल्या ना कुठल्या गटात प्रत्येकाला काहीतरी मिळतं. वाचक चिडून पत्र वगैरे लिहीत नाही. तो फक्त पुढचा अंक घ्यायचं विसरतो.

२०२० च्या लॉकडाऊनने या विसरण्याला हातभार लावला. लोकल बंद, डेक्कन क्वीन बंद, स्टेशनवरचे स्टॉल बंद. गाडीत चढण्याआधी अंक उचलायची सवय एकदा मोडली, ती अनेकांना परत लागलीच नाही.

वाचकही तोच राहिला नाही

सगळा दोष मासिकाला देऊनही चालत नाही. १९९९ मध्ये पंधरा वर्षांचा असलेला मुलगा आता चाळिशीच्या पुढे आहे. तेव्हा त्याला फेरारी किती पळते यात रस होता. आता त्याला आईला गाडीत चढता येईल का, डिकीत किती बॅगा बसतील आणि हप्ता किती पडेल हे हवं असतं.

गाड्याही बदलल्या. देशात विकल्या जाणाऱ्या प्रवासी वाहनांपैकी निम्म्याहून जास्त आता एसयूव्हीसारखी युटिलिटी वाहनं आहेत. एकमेकांसारख्या दिसणाऱ्या उंच गाड्या, आत मोठा स्क्रीन. त्यांच्यातला फरक चालवण्यापेक्षा फीचर्सच्या यादीत जास्त असतो, आणि यादी वाचायला अंक लागत नाही.

रस्ता तरी कुठे तोच राहिलाय? मुंबई-पुणे एक्सप्रेसवेचे पहिले टप्पे २०००च्या सुमारास खुले झाले आणि २००२ मध्ये ९४.५ किलोमीटरचा पूर्ण रस्ता. सहा पदरी, मध्ये सिग्नल नाही. तेव्हा मासिकातला मोकळा रस्ता आणि वाचकाचा रस्ता एकच होता. आज शनिवारी सकाळी बोरघाटात गाड्यांच्या रांगा लागतात, भुशी धरणाच्या रस्त्यावर पावसाळ्यात पुढे सरकता येत नाही आणि एक्सप्रेसवेवर वेग मोजायला कॅमेरे आहेत. अर्धा तास सेकंड गिअरमध्ये अडकलेल्या माणसाला धुक्यातल्या वळणाचा फोटो बघून निघावंसं वाटत नाही.

मग हरवलं काय?

बातमी, आकडे आणि फोटो ही तीन कामं इंटरनेटने जास्त वेगाने आणि बहुतेक वेळा फुकटात करून दाखवली. त्याबद्दल रडण्यात अर्थ नाही. प्रश्न चौथ्या कामाचा आहे. निवाडा.

आज एका गाडीचे शंभर व्हिडिओ मिळतात. पण त्यातले कितीतरी लाँचच्या दिवशीचे, कंपनीने निवडलेल्या रस्त्यावरचे आणि कंपनीने दिलेल्या गाडीचे असतात. म्हणजे मासिकापुढचा जाहिरातीचा पेच संपला नाही, तो मोबाईलवर राहायला आला. फरक एवढाच, की मासिकाला पुढच्या महिन्यात त्याच वाचकासमोर जायचं असायचं. चुकीचा सल्ला दिला तर नाव खराब व्हायचं. व्हिडिओ बघणारा उद्या दुसऱ्याच कुणाचा व्हिडिओ बघत असतो.

याची किंमत कशी मोजावी लागते, हे मावळला वेगळं सांगायला नको. तळेगावात २००८ मध्ये जनरल मोटर्सचा कारखाना सुरू झाला. शेवरले बीट तिथेच बनायची. २०१७ मध्ये कंपनीने भारतात गाड्या विकणं थांबवलं, २०२० च्या शेवटी कारखान्यातलं उत्पादनही थांबलं. हा कारखाना पुढे ह्युंदाईने घेतला. पण ज्यांनी बंद होण्याच्या थोडं आधी नवी कोरी शेवरले घेतली, त्यांच्या गाडीची पुढची किंमत काय राहिली? पहिल्या दिवशीच्या टेस्ट ड्राइव्हमध्ये असे प्रश्न येत नाहीत. ते येतात महिनोन् महिने गाडी वापरून, सर्व्हिस करून आणि कंपनीचं कसं चाललंय यावर लक्ष ठेवून लिहिलेल्या मजकुरात. तो लिहायला वेळ लागतो, पैसा लागतो, आणि व्ह्यूज फारसे मिळत नाहीत.

म्हणून अंक असो की व्हिडिओ, गाडीवर दहा-बारा लाख घालण्याआधी पाच गोष्टी तपासायला हरकत नाही.

१. ॲव्हरेज आणि ब्रेकचे आकडे स्वतः मोजलेत की कंपनीच्या पत्रकातले आहेत?
२. गाडी किती दिवस, किती किलोमीटर चालवली?
३. माणसं आणि सामान भरून घाट चढवला का?
४. प्रवासाचा आणि मुक्कामाचा खर्च कंपनीने केला असेल, तर ते स्पष्ट सांगितलंय का?
५. ही गाडी कोणी घेऊ नये, हे एका तरी वाक्यात आहे का?

यातली पाचवी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. जुने वाचक मासिक घ्यायचे ते मुख्यतः त्या एका वाक्यासाठी. छपाई चालू असलेल्या मासिकांपैकी जी अजूनही ते वाक्य लिहितात, त्यांचे वाचक आजही टिकून आहेत. आणि मोबाईलवर जो ते बोलायची हिंमत दाखवतो, त्याच्याकडे तेच चाळिशीतले वाचक जाऊन बसतात.