सांख्यिकीचे दृक्‌श्राव्य पाठ : कोठे शोधावेत, कसे अभ्यासावेत

वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातील इंझोरी हे सोयाबीन, तूर आणि कापूस पिकविणाऱ्या शेतकऱ्यांचे गाव. ते महसूल मंडळाचेही गाव असल्याने पाऊस, पेरणी आणि पीक उत्पन्न यांचे आकडे ‘इंझोरी मंडळ’ या नावाने शासनदरबारी नोंदविले जातात. खरीप हंगामाच्या अखेरीस मंडळातील निवडक शेतांत पीक कापणी प्रयोग होतात. त्यांतून हेक्टरी सरासरी उत्पन्न निघते आणि विम्याची भरपाई मिळणार की नाही, हे प्रामुख्याने त्या सरासरीवर ठरते. २०२५ च्या खरीप हंगामापासून राज्याने एक रुपयातील पीक विमा बंद करून भरपाईचा पाया कापणी प्रयोगांच्या उत्पन्नावर ठेवल्याने या आकड्याचे महत्त्व अधिकच वाढले आहे.

गावाच्या जीवनावर परिणाम करणारा हा एकच आकडा नव्हे. केंद्र शासनाने २०१८ मध्ये सुरू केलेल्या आकांक्षित जिल्हा कार्यक्रमात वाशीमचा समावेश झाला. आरोग्य, शिक्षण, शेती आदी विषयांतील ४९ निर्देशकांवर या जिल्ह्यांची प्रगती मोजली जाऊ लागली. ग्रामपंचायतींसाठीही पंचायत प्रगती निर्देशांक तयार झाला असून त्याची पहिली फलश्रुती २०२५ मध्ये जाहीर झाली. अशा रीतीने गाव मोजले जात आहे. परंतु मोजमाप वाचण्याची विद्या गावात नसेल, तर आकडा मान्य करावयाचा की त्याविषयी दाद मागावयाची, हे ठरविणे ग्रामसभेला शक्य होत नाही. ही विद्या म्हणजेच सांख्यिकी होय. तिचे प्राथमिक पाठ आज चित्रफितींच्या रूपाने घरबसल्या आणि बहुतांशी निःशुल्क उपलब्ध आहेत. अडचण आहे ती नेमका पाठ शोधण्याची आणि तो योग्य क्रमाने अभ्यासण्याची.

महाराष्ट्राची परंपरा

सांख्यिकी हा विषय महाराष्ट्राला परका नाही. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी १९११ मध्ये जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी १९४० नंतरच्या दशकात भारतीय कृषी संशोधन परिषदेत काम करताना पीक कापणी प्रयोगांना शास्त्रशुद्ध नमुना निवडीची बैठक दिली. मापासाठी घेतलेला शेताचा तुकडा फार लहान असेल, तर कडेची रोपे आत धरली जाण्याचा संभव वाढतो आणि उत्पन्न वास्तवापेक्षा अधिक दिसते, हे त्यांनी दाखवून दिले. पुढे ते संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत सांख्यिकी विभागाचे प्रमुख झाले. डॉ. व्ही. जी. पानसे यांच्यासमवेत त्यांनी कृषी कार्यकर्त्यांसाठी लिहिलेला सांख्यिकीय पद्धतींचा ग्रंथ परिषदेने १९५४ मध्ये प्रसिद्ध केला आणि कृषी महाविद्यालयांतील अनेक पिढ्यांनी तो अभ्यासला. इंझोरीच्या शेतात आज दोरी लावून जो तुकडा आखला जातो, त्यामागे ही परंपरा आहे.

एक उदाहरण

पाठ शोधण्यापूर्वी आपल्याला कोणत्या प्रश्नाचे उत्तर हवे आहे, हे निश्चित करणे अगत्याचे असते. त्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ.

समजा, एखाद्या मंडळात मागील सात वर्षांचे सोयाबीनचे हेक्टरी उत्पन्न १४, ६, १२, १५, ९, १३ आणि ११ क्विंटल होते. पीक विमा योजनेत सातपैकी सर्वोत्तम पाच वर्षांची सरासरी घेतात. ती येथे १३ क्विंटल येते. तिला जोखीम स्तराने, म्हणजे राज्यात ७० टक्क्यांनी, गुणले की ९.१ क्विंटल हे उंबरठा उत्पन्न मिळते. चालू वर्षाचे सरासरी उत्पन्न याहून कमी आले तरच भरपाई देय होते. महसूल मंडळासाठी प्रत्येक पिकाचे किमान १० प्रयोग अपेक्षित असतात. काही पिकांच्या बाबतीत उपग्रहाच्या साहाय्याने काढलेल्या अंदाजालाही वजन दिले जाते. येथे सोयीसाठी केवळ कापणी प्रयोग धरले आहेत.

आता समजा, दहा प्रयोगांत १२, ११, १३, १०, १२, ३, ४, ११, १२ आणि १२ क्विंटल उत्पन्न आले. सरासरी बरोबर १० क्विंटल. ती ९.१ हून अधिक असल्याने मंडळाला भरपाई नाही. मात्र दोन ठिकाणी पीक जवळजवळ बुडाले आहे. येथे तीन प्रश्न उभे राहतात. सरासरी काय दाखविते आणि काय झाकते? हा हिशेब स्वतः पडताळून कसा पाहावा? आणि अवघ्या दहा तुकड्यांवरून संपूर्ण मंडळाविषयी किती खात्रीने बोलता येते? सांख्यिकीच्या प्राथमिक शिक्षणाच्या तीन पायऱ्या याच तीन प्रश्नांत सामावलेल्या आहेत आणि प्रत्येक पायरीसाठी निराळे पाठ उपयोगी पडतात.

पहिली पायरी : मराठी पाठ्यपुस्तक

सुरुवात शाळेपासून करावी. बालभारतीच्या, नववीसाठी २०१७ पासून आणि दहावीसाठी २०१८ पासून वापरात आलेल्या गणिताच्या पुस्तकांत ‘सांख्यिकी’ हे स्वतंत्र प्रकरण आहे. मध्य, मध्यक, बहुलक, वारंवारता सारणी, आयतालेख, वृत्तालेख या संज्ञा त्यात सोप्या मराठीत दिल्या आहेत. पुस्तकांतील चौकटीदार संकेतचिन्ह भ्रमणध्वनीने टिपल्यास ‘दीक्षा’ या राष्ट्रीय व्यासपीठावरील संबंधित साहित्य उघडते. हे व्यासपीठ २०१७ मध्ये सुरू झाले. मराठी माध्यमाच्या शिक्षकांनी तयार केलेल्या या प्रकरणांच्या चित्रफिती आंतरजालावर अन्यत्रही पुष्कळ आहेत.

वरील उदाहरणात मध्य १० आहे. मात्र आकडे चढत्या क्रमाने मांडल्यास मधल्या दोन आकड्यांची सरासरी, म्हणजे मध्यक, ११.५ येतो. मध्य आणि मध्यक यांत असे अंतर दिसले की काही आकडे इतरांपासून फार दूर आहेत, हे ओळखावे. एवढे आकलन दहावीच्या पाठांवरून होते. त्यासाठी मोठ्या अभ्यासक्रमाची आवश्यकता नाही.

दुसरी पायरी : संगणकावर हिशेब

दहा आकड्यांची सरासरी हाताने काढता येते. अंगणवाडीतील बालकांची वजने किंवा शाळेची वर्षभराची हजेरी हाताने मांडणे मात्र कष्टाचे होते. ग्रामपंचायतीच्या संगणकावर तक्ता-गणनेची प्रणाली शिकण्यासाठी मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेने, म्हणजे आयआयटीने, चालविलेला ‘स्पोकन ट्यूटोरियल’ हा उपक्रम विशेष उपयुक्त आहे. त्यातील पाठ साधारणतः दहा मिनिटांचे असतात. पडद्यावरील मजकूर इंग्रजी असला, तरी अनेक पाठांचे निवेदन मराठीत ऐकता येते. ‘लिब्रे ऑफिस कॅल्क’ ही तक्ता-गणनेची विनामूल्य प्रणाली या पाठांतून शिकता येते. पडद्याच्या एका बाजूस पाठ आणि दुसऱ्या बाजूस प्रणाली उघडावी, थोडे पाहावे, थांबवावे आणि तेच स्वतः करावे, अशी त्यांची रीत आहे. पाठ उतरवून घेता येत असल्याने संपर्क खंडित होणाऱ्या गावांनाही ते सोयीचे ठरतात.

तिसरी पायरी : नमुना आणि त्याची मर्यादा

तिसऱ्या प्रश्नासाठी महाविद्यालयीन पातळीचे पाठ लागतात. देशातील सात आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी २००३ मध्ये सुरू केलेल्या ‘एनपीटेल’ या उपक्रमात ते मिळतात. आयआयटी कानपूरचे प्रा. शलभ यांची वर्णनात्मक सांख्यिकीवरील व्याख्यानमाला अगदी प्राथमिक संकल्पनांपासून सुरू होते आणि ‘आर’ या विनामूल्य संगणक प्रणालीवर प्रत्येक गोष्ट करून दाखविते. आयआयटी मद्रासने २०२० मध्ये सुरू केलेल्या विदाविज्ञानाच्या पदवी अभ्यासक्रमातील सांख्यिकीची व्याख्यानेही सर्वांस पाहण्यास खुली आहेत. २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘स्वयम्’ या व्यासपीठावर असे अभ्यासक्रम नाव नोंदवून क्रमाने करता येतात. शिक्षण निःशुल्क असते. प्रमाणपत्राच्या परीक्षेसाठी मात्र शुल्क भरावे लागते. इंग्रजी समजणाऱ्यांना ‘खान अकॅडमी’चे छोटे पाठ आणि त्यांसोबतचे सराव प्रश्न उपयोगी पडतील. आंतरजालाची सोय नसलेल्यांसाठी ‘स्वयंप्रभा’ या शैक्षणिक दूरचित्रवाणी वाहिन्या आहेत.

या पाठांतून प्रमाण विचलन आणि प्रमाण त्रुटी या संकल्पना कळतात. उदाहरणातील दहा आकड्यांचे प्रमाण विचलन सुमारे ३.५ येते आणि सरासरीची प्रमाण त्रुटी सुमारे १.१. याचा अर्थ असा की, मंडळाचे खरे सरासरी उत्पन्न १० क्विंटलच्या दोन-अडीच क्विंटल अलीकडे किंवा पलीकडे असणे सहज संभवते. ९.१ चा उंबरठा या पट्ट्याच्या आतच येतो. विम्याचा नियम हा पट्टा विचारात घेत नाही, तो सरासरीच धरतो. म्हणून प्रयोगाची शेते यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे कोणाच्याही निवडीविना, ठरली काय, तुकडा मापात आखला काय आणि वजन नीट झाले काय, हे त्याच दिवशी पाहणे महत्त्वाचे. सरपंच आणि ग्रामस्तरीय समितीच्या सदस्यांनी कापणीच्या वेळी शेतावर हजर राहण्याचे मोल यावरून ध्यानात येईल. प्रयोग झाल्यावर केलेल्या तक्रारीपेक्षा प्रयोगाच्या वेळी घेतलेली दक्षता अधिक कामाची असते.

शोध कसा घ्यावा

चांगले पाठ न सापडण्याचे एक कारण भाषेचे आहे. मराठी संज्ञा टाकून शोधल्यास बहुधा शालेय पाठ मिळतात. पुढील पाठांसाठी इंग्रजी संज्ञा माहीत असावी लागते. मध्यास ‘मीन’, मध्यकास ‘मीडियन’, बहुलकास ‘मोड’, प्रमाण विचलनास ‘स्टँडर्ड डेव्हिएशन’, प्रमाण त्रुटीस ‘स्टँडर्ड एरर’, नमुना निवडीस ‘सॅम्पलिंग’ आणि वर्णनात्मक सांख्यिकीस ‘डिस्क्रिप्टिव्ह स्टॅटिस्टिक्स’ म्हणतात. या संज्ञांना ‘हिंदी’ किंवा ‘मराठी’ हा शब्द जोडून शोधल्यास आपल्या भाषेतील पाठ वर येतात.

सापडलेला पाठ निवडताना चार गोष्टी पाहाव्यात. तो एखाद्या संस्थेच्या सलग मालिकेतील आहे काय. त्यात खरे आकडे घेऊन गणित सोडविले आहे काय. सरावासाठी प्रश्न दिले आहेत काय. आणि सूत्र सांगण्यापूर्वी ते कशासाठी हवे, हे समजाविले आहे काय. किती लोकांनी तो पाहिला, ही संख्या गुणवत्तेची कसोटी नव्हे. केवळ परीक्षेतील गुणांसाठी सूत्रे पाठ करून घेणाऱ्या चित्रफिती पंचायत सदस्याच्या फारशा कामाच्या नाहीत.

पाहणे आणि शिकणे

दूरचित्रवाणीवरून खेड्यांना शिक्षण देण्याचा प्रयत्न देशात जुना आहे. १९७५-७६ मध्ये उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत कार्यक्रम पोहोचविण्यात आले. त्या राज्यांत महाराष्ट्र नव्हता. १९८४ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाचे देशव्यापी वर्ग दूरदर्शनवर सुरू झाले. त्या काळी ठरलेल्या वेळी पडद्यासमोर बसावे लागे आणि निसटलेले वाक्य पुन्हा ऐकण्याची सोय नव्हती. आजच्या चित्रफितीचा खरा लाभ ती थांबविता आणि मागे नेता येते, हा आहे. हा लाभ न घेता पाठामागून पाठ पाहात गेल्यास समजल्याचा भास होतो, हाती मात्र काही लागत नाही.

म्हणून आठवड्यास एकच विषय घ्यावा. जिल्हा परिषद शाळेच्या पडद्यावर शिक्षक, पंचायत सदस्य, अंगणवाडी सेविका आणि बचत गटाच्या भगिनी यांनी एकत्र बसून तो पाहावा आणि लगेच गावाच्याच नोंदवहीवर त्याचा प्रयोग करावा. मध्य आणि मध्यक शिकल्यावर शाळेची हजेरी घ्यावी. आलेख शिकल्यावर मंडळाच्या पर्जन्यमापकाच्या दहा वर्षांच्या नोंदी मांडाव्यात. विचलन शिकल्यावर गावातील विहिरींची पाणीपातळी पाहावी. बालकांच्या वजनासारख्या नोंदी घेताना नावे वगळून केवळ आकडे वापरावेत.

प्रा. प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या स्मरणार्थ २९ जून हा दिवस २००७ पासून देशात सांख्यिकी दिन म्हणून पाळला जातो. इंझोरीच्या शिवारात हे पेरणीचे दिवस असतात. त्या वेळी आरंभ केलेला अभ्यास सोयाबीन काढणीस येईपर्यंत तिसऱ्या पायरीपर्यंत पोहोचू शकतो. मंडळाच्या सरासरीचा आकडा जाहीर होईल तेव्हा तो कोणत्या दहा शेतांतून आला, त्यांत किती तफावत होती आणि उंबरठ्यापासून तो किती दूर आहे, हे ग्रामसभेत स्पष्ट करून सांगणारे दोन-चार जण गावातच असतील. भरपाईचा निर्णय त्याने बदलेलच असे नाही. मात्र ग्रामसभेचा प्रश्न नेमका असेल आणि नेमक्या प्रश्नाला नेमके उत्तर द्यावे लागते.