बॉडी चेकिंग
आइस हॉकी या खेळातील बचावाचे एक तंत्र. पक म्हणजे रबराची चपटी चकती ज्याच्या ताब्यात आहे, त्या प्रतिस्पर्ध्यास खांद्याने, धडाने वा नितंबाने नियमबद्ध धडक देऊन चकतीपासून अलग करणे, यास बॉडी चेकिंग म्हणतात. केवळ काठीने चकती काढून घेण्याच्या तंत्राहून ते भिन्न आहे. चकती मिळविणे हा या धडकेचा हेतू असून प्रतिस्पर्ध्यास इजा करणे हा नव्हे; या खेळातील धडकेविषयीचे बहुतेक नियम याच भेदावर उभारलेले आहेत.

तंत्र : बचावपटू प्रतिस्पर्ध्यावर सरळ धावून न जाता तिरकस मार्गाने त्याची वाट आखडत नेतो आणि त्यास मैदानाभोवतीच्या फळ्यांच्या कठड्याकडे वळवितो. धडकेपूर्वी तो पावले टाकणे थांबवून घसरत येतो. गुडघे वाकलेले, पाय खांद्यांइतके फाकलेले, काठी खाली, कोपरे अंगालगत आणि नजर प्रतिस्पर्ध्याच्या छातीवर असावी लागते. चकतीकडे पाहणारा सहज चकतो. नितंबाने धडक देताना खेळाडू कमरेत वाकून आडवा येतो; मात्र ती गुडघ्यावर वा त्याखाली बसल्यास दंडार्ह ठरते. धडक सोसण्याचे तंत्रही तितकेच महत्त्वाचे असते. मान वर ठेवणे आणि कठड्यास अगदी लगटून राहणे सुरक्षित असते; कठड्यापासून हातभर दूर उभा असलेला खेळाडू त्यावर जोराने आपटण्याचा धोका अधिक असतो.

नियम : चकती जवळ असलेल्या अथवा ती नुकतीच सोडलेल्या खेळाडूसच धडक देता येते; इतरांस दिलेली धडक हा अडथळा मानला जातो. लांबून वेगाने येऊन वा उडी घेऊन धडकणे, पाठीमागून धडकणे, कठड्यावर जोराने आपटणे, तसेच कोपर किंवा गुडघा मारणे निषिद्ध आहे. सामान्यतः लहान दंड २ मिनिटांचा व मोठा दंड ५ मिनिटांचा असून त्या काळात दोषी संघास बहुधा एक खेळाडू कमी घेऊन खेळावे लागते.

आंतरराष्ट्रीय सामन्यांत मैदानाच्या सर्व भागांत धडक देण्यास १९६९ मध्ये मुभा मिळाली. मार्च २०१० मध्ये बॉस्टन संघाच्या मार्क सॅव्हर्डच्या डोक्यास खांद्याची धडक बसून मेंदूला गंभीर हादरा बसला. परंतु तत्कालीन नियमांनुसार पंचांनी दंड दिला नाही. त्यानंतर उत्तर अमेरिकेतील नॅशनल हॉकी लीगने डोक्यावर बाजूने, नजरेआडून केलेल्या धडकेस बंदी घातली आणि २०११ मध्ये या नियमाची व्याप्ती वाढविली.

लहान मुलांच्या खेळात हा प्रश्न अधिक गंभीर ठरतो, कारण एकाच वयाच्या मुलांच्या उंची-वजनात मोठी तफावत असते. कॅनडातील ११-१२ वर्षांच्या खेळाडूंची पाहणी २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. धडकेस परवानगी असलेल्या अल्बर्टा प्रांतात, ती नसलेल्या क्वेबेकच्या तुलनेने, सामन्यांतील दुखापतींचा धोका तिपटीहून अधिक आढळला. अमेरिकेने २०११ मध्ये व कॅनडाने २०१३ मध्ये या वयोगटातील धडकेस बंदी करण्याचा निर्णय घेतला. महिलांच्या पहिल्या जागतिक स्पर्धेत (ऑटावा, १९९०) धडकेस मुभा होती. पुढे ती काढून घेण्यात आली. स्वीडनमधील सर्वोच्च महिला लीगने मात्र २०२२-२३ च्या हंगामापासून तिला पुन्हा वाव दिला.