नॅरोबोटीचे नामांतर

नॅरोबोटीचे नामांतर म्हणजे इंग्लंड व वेल्समधील कालव्यांवर चालणाऱ्या अरुंद, लांबट बोटीचे पूर्वीचे नाव काढून तिला नवे नाव देणे. असे नामांतर अशुभ असते, ही तेथील बोटमालकांमध्ये आजही आढळणारी समजूत आहे. तिच्यावर उतारा म्हणून काही विधी व पळवाटाही रूढ झाल्या आहेत.

बोटी आणि त्यांची नावे

१७६१ मध्ये ब्रिजवॉटर कालवा खुला झाल्यानंतर इंग्लंडमध्ये कालव्यांचे जाळे झपाट्याने विस्तारले. मध्य इंग्लंडमधील बहुतेक जलपाश सुमारे ७ फूट रुंदीचे असल्याने त्यांतून जाणाऱ्या बोटी त्याहून किंचित अरुंद आणि जास्तीत जास्त ७२ फुटांच्या आसपास लांब असत. कोळसा व अन्य माल वाहणाऱ्या या बोटी प्रारंभी घोडे ओढीत. नावाड्याचे सारे कुटुंब पुष्कळदा बोटीच्या मागील टोकाच्या चिमुकल्या खोलीत राही. त्यामुळे बोटीचे नाव हा एका अर्थाने घराचा पत्ताच होता.

कंपन्यांच्या नावांना ठरावीक पठडी असे. ओल्डबरी येथील क्लेटन कंपनीने आपल्या बोटींना नद्यांची नावे दिली. ग्रँड युनियन कंपनीने १९३० च्या दशकात बांधून घेतलेल्या ताफ्यांत ताऱ्यांची आणि गावांची नावे आढळतात. आज या बोटी मुख्यतः निवासासाठी व सहलींसाठी वापरल्या जातात. त्यांच्या नावांत शाब्दिक कोट्यांची चलती आहे. आधीच्या मालकाची कोटी नव्या मालकाला रुचतेच असे नाही, आणि नामांतराचा प्रश्न बहुधा तेथूनच सुरू होतो.

समजुतीचे मूळ

ही समजूत मूळची समुद्रावरची. प्रत्येक जहाजाचे नाव सागरदेव नेपच्यून याच्या खातेवहीत नोंदलेले असते. त्याला न कळवता नाव बदलणारा त्याचा रोष ओढवून घेतो, असे खलाशी मानीत. याला व्यावहारिक बाजूही होती. नाव बदललेल्या जहाजामागे कर्ज, अपघात वा लबाडी दडलेली असण्याचा संशय येई. ब्रिटनच्या १८९४ च्या व्यापारी नौवहन कायद्याने नोंदणीकृत जहाजाचे नाव पूर्वपरवानगीवाचून बदलण्यास मनाई केली होती, ती उगीच नव्हे.

कालव्याचे पाणी जेमतेम तीन-चार फूट खोल. तेथे ना वादळ, ना नेपच्यूनची सत्ता. तरीही समजूत तेथवर पोहोचली. मालवाहतुकीच्या काळात मात्र व्यवहाराने तिला फारशी दाद दिलेली दिसत नाही. १९५३ मध्ये स्थापन झालेल्या विलो रेन कंपनीच्या बोटींना पक्ष्यांची नावे असत, आणि तिने विकत घेतलेल्या काही जुन्या बोटींचेही नव्याने नामकरण झाले. या समजुतीला आज जो मान आहे, तो हौशी मालकांच्या काळात वाढला असावा.

विधी आणि पळवाटा

सर्वांत प्रचलित नियम असा, की बोट पाण्याबाहेर असतानाच तिचे नाव बदलावे. हा नियम सोयीचाही आहे. पोलादी तळाला गंज लागू नये म्हणून दर दोन-तीन वर्षांनी बोट सुक्या गोदीत घेऊन डांबरी लेप द्यावा लागतो; त्याच मुक्कामात रंगाऱ्याकडून नवे नावही लिहून घेतले जाते.

अधिक काटेकोर मंडळी जुन्या नावाचा मागमूसही ठेवीत नाहीत. बाजूची अक्षरे तर खरवडतातच, शिवाय जीवरक्षक कडे, किल्लीचा जुडगा, चहाचे पेलेदेखील तपासतात. जुने नाव पुरते पुसल्याखेरीज नवे नाव लिहिलेली एकही वस्तू बोटीवर आणायची नाही. शेवटी पाण्याला व चारही दिशांच्या वाऱ्यांना थोडी वाइन अर्पण करून उरलेली उपस्थितांत वाटली जाते. हा भाग कोणी सहसा चुकवीत नाही.

नोंदी आणि इतिहास

कॅनाल अँड रिव्हर ट्रस्ट ही संस्था २०१२ पासून इंग्लंड व वेल्समधील बहुतांश कालव्यांची व्यवस्था पाहते. तिच्या परवान्यासाठी बोटीला दिलेला क्रमांक नाव बदलले तरी कायम राहतो. नवे नाव ट्रस्टला व विमा कंपनीला कळवले, की कागदोपत्री काम संपते.

जुन्या मालवाहू बोटींची गोष्ट वेगळी आहे. १८७७ च्या कॅनाल बोट्स कायद्याने, ज्यांत माणसे राहत अशा बोटींची स्थानिक प्राधिकरणाकडे नोंदणी सक्तीची केली. एखादी बोट कोणी बांधली, कोणत्या ताफ्यात होती, तिच्यात कोण राहत होते, याचा शोध या नोंदींतून घेताना तिचे मूळ नाव हाच अनेकदा हाती लागणारा धागा असतो. तो तुटला, की एखाद्या कुटुंबाचा इतिहासही हरवू शकतो. म्हणूनच अशा बोटींचा जीर्णोद्धार करणारे पुष्कळ मालक मधली नावे टाकून मूळ नाव परत लिहितात, आणि असे परतीचे नामांतर सहसा अशुभ मानले जात नाही. खोलीच्या बाजूवरील रंगाचे थर उतरवताना कधी कधी जुन्या नावाची अक्षरे आपोआपच उघडी पडतात.