तोडलेल्या फुलांचे आयुर्मान

मावळ तालुक्यात तळेगाव दाभाडेच्या परिसरातील हरितगृहांतून दरवर्षी १४ फेब्रुवारीच्या आधी गुलाबाची फुले परदेशी रवाना होतात. महिनोन्महिने केलेल्या मेहनतीचे मोल ठरते ते मात्र तोडणीनंतरच्या काही दिवसांत. बाजारात पोचण्यापूर्वीच फुलाने मान टाकली, तर उत्पादकाच्या पदरी निराशाच येते. म्हणून तोडणीनंतर फुलात काय घडते, हे जाणून घेणे अगत्याचे आहे.

झाडापासून वेगळे झाले, तरी फूल सजीवच असते. त्याचे श्वसन चालू राहते आणि पाने व पाकळ्यांतून पाण्याची वाफही होत राहते. मात्र झाडाकडून होणारा पाण्याचा व अन्नाचा पुरवठा थांबलेला असतो. साठलेल्या शर्करेवरच त्याला दिवस काढावे लागतात. तापमान १० अंशांनी वाढल्यास श्वसनाचा वेग साधारणतः दोन ते तीन पट होतो व ही शिदोरी लवकर संपते. यास्तव तोडणी सकाळी थंड वेळी करून गुलाब शक्य तितक्या लवकर २ ते ४ अंश सेल्सिअस तापमानात ठेवणे इष्ट होय.

दुसरा शत्रू दांड्याच्या टोकाशी असतो. कापताच जलवाहिन्यांत हवा शिरते. पुढे पाण्यातील जिवाणू वाढून त्या तुंबतात. मग दांडा पाण्यात बुडालेला असूनही फूल तहानलेलेच राहते. दांड्याचे टोक पाण्याखाली धरून पुन्हा कापल्यास हा अडथळा दूर होतो. बादल्या निर्जंतुक असाव्यात आणि पाण्याखाली येणारी पाने काढून टाकावीत.

तिसरे कारण इथिलिन वायूचे. पिकणाऱ्या फळांतून व वाहनांच्या धुरातून बाहेर पडणाऱ्या या वायूमुळे कार्नेशनसारखी फुले अकाली मिटतात. साहजिकच फुले आणि आंबे-केळी एकाच खोलीत ठेवू नयेत.

फुलदाणीतील पाण्यात दर लिटरला सुमारे २० ग्रॅम साखर घातल्यास फुलाला अन्न मिळते. परंतु नुसत्या साखरेवर जिवाणूही पोसतात. म्हणून तिच्याबरोबर जंतुनाशक आवश्यक असते. सायट्रिक आम्लाने पाण्याचा सामू ३.५ च्या आसपास आणल्यास जिवाणूंची वाढ मंदावते व पाणी दांड्यात सुलभतेने चढते.

तोडणीची अवस्थाही महत्त्वाची आहे. गुलाब कळी उमलू लागताना, ग्लॅडिओलस खालच्या एक-दोन कळ्यांवर रंग दिसताच, तर जरबेरा पूर्ण उमलल्यावरच तोडावा. ग्लॅडिओलसचे दांडे मात्र उभेच ठेवावेत. आडवे ठेवल्यास त्यांचे शेंडे वर वळून वाकडे होतात.

यांपैकी बहुतेक उपायांना खर्च थोडा, दक्षता मात्र अधिक लागते. तीच दक्षता उत्पादकाच्या श्रमांचे चीज करते.